चौकट : ‘समाजस्वास्थ्य’ आणि कोर्टाची पायरी

लैंगिक नीती, धर्म आणि कायदा यांवर मराठीत उघड वाद घालणारे मासिक म्हणजे र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’.

● संपादक : रघुनाथ धोंडो कर्वे (1882–1953), महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. पेशाने गणिताचे प्राध्यापक.

● आधी काम, मग मासिक : 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या प्रचारापायी 1925 मध्ये विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंनी संसाराचा भार उचलला.

● काळ : जुलै 1927 ते नोव्हेंबर 1953. शेवटचा अंक निघाला तेव्हा संपादक हयात नव्हते.

● पहिला खटला, 1931 : ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल अश्लीलतेचा आरोप. दंड 100 रुपये.

● दुसरा खटला, 1934 : निमित्त वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लोक शंका विचारत असतील तर जाणकाराने उत्तर द्यायलाच हवे, आणि लैंगिक विषयावरचे प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्वे खटला हरले, दंड 200 रुपये.

● वादाची रीत : देव-धर्म आणि रूढी यांना कर्वे एकच कसोटी लावत. बुद्धीला पटते का आणि दुसऱ्याला इजा होते का, एवढाच त्यांचा सवाल असे. टीका करणाऱ्यांना ते अंकातूनच, बहुधा तिरकस उत्तर देत.

● पुढे : अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट कर्वे यांच्याच जीवनावर बेतलेला आहे.