रंग ‘खुकरी’चा

आमच्या जळकोटात समुद्र कुठला? तरी शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलाने पुठ्ठ्याची ‘खुकरी’ केली आणि रंगवायला निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला! म्हटलं, थांब. आपल्या युद्धनौका राखाडी असतात. क्षितिजावरच्या धुरकट उजेडात तो रंग चटकन नजरेत भरत नाही. पाण्याखालचा भाग सहसा तांबडा. तिथे शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग देतात.

मात्र हातभर नौकेला खऱ्या नौकेचीच छटा दिली, तर ती काळपट दिसते. म्हणून राखाडीत पांढरा थोडा जास्त घालावा. चकाकणारा ऑइलपेंट नकोच, पोस्टर कलर बरा. आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावावा आणि वाळल्यावर दिवसाउजेडी पाहावा. पिवळ्या बल्बखाली हमखास फसायला होतं. कृष्णधवल फोटोवरूनही छटा ठरवू नये.

९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवच्या स्मारकात काचेआड तिची प्रतिकृती ठेवली आहे. हे सगळं मुलाला सांगितलं. तो गप्प ऐकत होता. संध्याकाळी निळा डबा त्याने आपणहून दुकानात परत नेला.