क्रियापदांचे सोबती

इंग्रजीतील ‘इन्कर’ या क्रियापदाचा ‘ओढवून घेणे’ हा कोशगत अर्थ चुकीचा नाही. परंतु तोटा, दंड, कर्ज, रोष अशी कर्मेच त्याला मानवतात, बक्षीस मानवत नाही, हे अर्थ पाठ करून कळत नाही. शिवाय कार्यालयीन इंग्रजीत साधा खर्चही ‘इन्कर’ केला जातो, मराठीत मात्र खर्च ‘येतो’. शब्दांच्या अशा रूढ सोबतीला शब्दसाहचर्य म्हणतात आणि ते उदाहरणवाक्यांतूनच मनात रुजते. क्रियापदामागे कोणती रचना यावी, म्हणजे त्याचा वाक्यसाचा, हाही तिथेच दिसतो: ‘सजेस्ट’नंतर ‘टू गो’ न येता ‘गोइंग’ येते, आणि भल्याभल्यांची गफलत नेमकी इथे होते. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ साली सहकाऱ्यांसह सिद्ध केलेल्या कोशात या साच्यांना महत्त्वाचे स्थान दिले, तर जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखालील १९८७ च्या ‘कोबिल्ड’ कोशाने प्रत्यक्ष वापरातील भाषेच्या संगणकीय संग्रहातून उदाहरणे निवडली. म्हणून एका क्रियापदाची निरनिराळ्या कर्मांसह चार-पाच वाक्ये वाचून, मग स्वतःचे एक वाक्य रचणे हे समानार्थी शब्दांच्या लांबलचक यादीपेक्षा अधिक फलदायी ठरते.