कायद्याची मर्यादा

दुर्गुण वाईटच, मग कायद्यानें ते सगळेच कां बंद करूं नयेत? पॅरिस येथें अध्यापन करणारा डोमिनिकन साधु टॉमस अक्वायनस (मृत्यु १२७४) यानें हा प्रश्न ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथांत सोडविला आहे. सत्कर्म करावें, दुष्कर्म टाळावें, हा निसर्गदत्त नियम मनुष्याच्या बुद्धींतच आहे, असें तो मानतो. परंतु कायदा सर्वसाधारण जनांसाठीं असतो, आणि त्यांतील बहुतेकांचा सद्गुण अपक्व असतो. म्हणून कायद्यानें मुख्यतः खून, चोरी असे परपीडक दुर्गुण रोखावे. सद्गुणाकडे न्यावें तें हळूहळू. न पेलणारें ओझें लादल्यास दुबळा मनुष्य अधिकच बिघडतो. मुलांस जें क्षम्य, तें प्रौढांस नव्हे, हा त्याचा दाखला. घरांत नियम घालतांना आम्हां वडीलधाऱ्यांस तो आठवावा.