घरच्या डीव्हीडी : यंत्र चालू आहे तोवर नक्कल काढा

गेल्या लग्नसराईत मालवणच्या बाजारात ओळखीच्या एक बाई आमच्याकडे कापड घ्यायला आल्या. धाकट्या मुलीच्या निकाहासाठी त्यांना थोरलीच्या दुपट्ट्यासारखेच काम हवे होते. नमुना म्हणून त्यांनी तीन लहान चकत्या पुढे ठेवल्या. कुवेतहून रजेवर आलेल्या त्यांच्या भावाने २००७ साली हॅण्डीकॅमवर केलेले ते चित्रीकरण. आमच्या प्लेअरने तिन्ही चकत्या नाकारल्या. बाईंचा चेहरा उतरला, कारण दुपट्टा हे निमित्त होते. त्या चकत्यांत त्यांच्या मरहूम वडिलांचा आवाज होता.

अशा चकत्या आपल्या किनाऱ्यावर घरोघरी पडून आहेत. म्हणून आम्हांस जे समजले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

चकती का चालत नाही?

पहिले कारण, चकती 'बंद' केलेली नसते. कॅमेरा किंवा रेकॉर्डर चित्रीकरण करून थांबतो, पण चकतीवरची अनुक्रमणिका पुरी करण्याचे काम आपण सांगितल्याशिवाय करीत नाही. यास फायनलाइज करणे म्हणतात. कापड विणून झाले, पण थान मागावरून उतरवलेच नाही, तसा हा प्रकार. ज्या यंत्राने चित्रीकरण केले त्याला अशी चकती दिसते, इतरांना ती बहुधा कोरी वाटते.

दुसरे कारण जातीचे. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी प्लस आर या एकदाच लिहिण्याच्या, आरडब्ल्यू पुन्हा पुन्हा लिहिण्याच्या. आरडब्ल्यू चकतीवर काही रेकॉर्डर 'व्हीआर' नावाच्या पद्धतीने लिहितात. त्यात यंत्रावरच काटछाट करता येते, पण साधा प्लेअर ती वाचीलच असे नाही.

तिसरे कारण देशाचे. भारतात आणि आखाती देशांत पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका, कॅनडा व जपान येथे एनटीएससी, सेकंदाला जवळपास ३०. आपल्याकडील बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, तिकडचे पुष्कळसे प्लेअर पाल चालवीत नाहीत. बाजारातल्या सिनेमाच्या चकतीवर विभागाचे कुलूप असते, घरच्या चकतीवर ते नसते. संगणकाला पाल आणि एनटीएससी दोन्ही सारखेच.

आधी काय करावे?

कॅमेरा शोधावा. तो चालू होत असेल तर विजेच्या अडॅप्टरवर लावून चकती फायनलाइज करावी. बॅटरीवर हे काम करू नये, मध्येच बंद पडल्यास चकती जाण्याचा धोका असतो. कॅमेरा मेला असेल तर संगणकावर आयसोबस्टरसारखी प्रणाली बंद न केलेल्या चकतीतूनही पुष्कळदा माल बाहेर काढते.

आठ सेंटीमीटरची लहान चकती फक्त बाहेर येणाऱ्या ताटलीच्या ड्राइव्हमध्ये, मधल्या लहान खाचेत ठेवावी. फटीतून चकती आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती अडकते. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, पण यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह आजही मिळतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, विंडोजबरोबर डीव्हीडी चालवण्याची सोय येत नाही. त्यासाठी व्हीएलसी हा मोफत प्लेअर घालून घ्यावा.

काटछाट नकलेवर

चकती उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचा कप्पा दिसतो. त्यात चित्रीकरण व्हीओबी नावाच्या, प्रत्येकी फार तर एक जीबीच्या तुकड्यांत असते. अख्खा कप्पा जसाच्या तसा उतरवून घ्यावा. ही आपली मूळ प्रत, तिला कात्री लावू नये. मेकएमकेव्ही ही प्रणाली डीव्हीडीसाठी मोफत आहे. ती हे तुकडे दर्जा न घटवता एका फाइलीत जोडते.

नको तो भाग काढायचा असल्यास अ‍ॅव्हिडेमक्ससारखी प्रणाली पुन्हा न दाबता कापते. मात्र या पद्धतीत पूर्ण चित्रे साधारण अर्ध्या सेकंदाच्या अंतराने येतात, मधली चित्रे त्यांच्या आधारावर उभी असतात. म्हणून काप पूर्ण चित्रावरच घ्यावा लागतो. मोबाइलसाठी वा नव्या टीव्हीसाठी हॅण्डब्रेकने एमपी४ करावी. हलत्या चित्रात आडव्या रेषा दिसल्यास 'डीइंटरलेस' निवडावे. चेहरे फुगलेले दिसले तर चित्राचे माप ४:३ ठेवावे. जुन्या पद्धतीच्या फॅट३२ पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही, हेही ध्यानात असावे.

आपली हवा आणि आपला धंदा

घरी लिहिलेल्या, एकदाच लिहिण्याच्या चकतीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ऊन, उष्मा आणि आपल्या पावसाळ्यातली दमट हवा त्याला मानवत नाही. चकती डबीत उभी ठेवावी, कागदी लेबल चिकटवू नये. नकला दोन असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी.

मालवण, कुडाळ, कणकवलीकडील स्टुडिओवाल्या बांधवांना यात काम आहे. पावसाळ्यात लग्ने थांबतात, तेव्हा जुना चालू ड्राइव्ह आणि एक-दोन जुने कॅमेरे हाताशी असले तर रिकामे दिवस भरून निघतील. दर आधी सांगावा, चकती परत द्यावी आणि गिऱ्हाइकाच्या घरचे चित्रीकरण आपल्या जाहिरातीत वापरू नये. पडद्यातल्या बायामाणसांचे चित्र ही अमानत असते.

त्या बाईंच्या भावाने कपाटातून कॅमेरा शोधून दिला. दोन चकत्या बंद होऊन उतरल्या. दुपट्ट्याचे काम स्पष्ट दिसले आणि वडिलांचा आवाजही मिळाला. तिसरीचा थर कडेने उडाला होता, तिच्यातून काहीच निघाले नाही. पाच वर्षे आधी आणली असती तर कदाचित तीही वाचली असती. तुमच्या कपाटातली चकती या पावसाळ्याआधी बाहेर काढा.