आपलं ओझं, आपलेच हात?

क्रूझवरून उतरताना बॅग स्वतः उचलायची की जहाजाच्या माणसांवर सोपवायची? प्रश्न आजच्या हौशी पर्यटकाचा वाटतो खरा. पण तंजावरच्या मुलखात ओझं वाहणाऱ्यांचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे.

तामिळनाडूतल्या जुन्या रस्त्यांच्या कडेला अजूनही कुठे कुठे एक विचित्र बांधकाम दिसतं. जमिनीत रोवलेले दोन उभे दगड आणि त्यांच्यावर ठेवलेला एक आडवा दगड. ना देऊळ, ना कमान, ना बसायचा बाक. उंची साधारण माणसाच्या खांद्याएवढी. नवख्या माणसाला वाटतं, दार आहे, पण भिंत कुठे गेली?

याचं नाव ‘सुमैतांगी’. तमिळमध्ये ‘सुमै’ म्हणजे ओझं आणि ‘तांगी’ म्हणजे पेलणारा. डोक्यावर भाताचं पोतं, मिठाची टोपली किंवा लाकडाची मोळी घेऊन मैलोन् मैल चालणाऱ्या माणसासाठी हा दगड. डोक्यावरचं ओझं जमिनीवर ठेवायचं तर वाकावं लागतं, आणि पुन्हा डोक्यावर घ्यायचं तर दुसरा माणूस लागतो. निर्जन रस्त्यावर दुसरा माणूस आणायचा कुठून? म्हणून हा खांद्याच्या उंचीचा आडवा दगड! ओझं नुसतं पुढे सरकवायचं, घाम पुसायचा, पाणी प्यायचं आणि पुन्हा डोकं खाली घालून ओझं घ्यायचं. कुणाची मदत नको, कुणाचे उपकार नकोत.

यातले बरेच दगड गर्भारपणात मरण पावलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ त्यांच्या घरच्यांनी उभारले, हे कळलं की मन हलतं. ज्या बाईचं ओझं उतरलंच नाही, तिच्या नावाने इतरांचं ओझं क्षणभर उतरावं, ही त्यामागची भावना. 1962 साली दिग्दर्शक श्रीधर यांनी ‘सुमैतांगी’ याच नावाचा तमिळ चित्रपट काढला होता. कुटुंबाचा भार निमूटपणे वाहणाऱ्या माणसालाही तिथे हाच शब्द लावतात.

आता म्हणाल, या दगडाचा आणि आलिशान क्रूझचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

शेवटच्या रात्रीचा प्रश्न

समुद्रावरची सहल ही आता फक्त परदेशी श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. मुंबईहून आणि चेन्नईहून क्रूझच्या सहली निघू लागल्या आणि मध्यमवर्गीय मराठी कुटुंबंही त्यांत दिसू लागली. कुणी आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नेतं, तर कुणी सिंगापूरला गेल्यावर तिथूनच तीन-चार रात्रींची फेरी करतं. चार दिवस मजेत जातात. आणि शेवटच्या संध्याकाळी प्रत्येक केबिनमध्ये सूचनांचा कागद येतो.

त्यात साधारणपणे दोन पर्याय असतात. पहिला : बॅगांना रंगीत किंवा नंबराचा टॅग बांधायचा आणि रात्री ठरलेल्या वेळेआधी त्या केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या. जहाजाची माणसं त्या रातोरात गोळा करतात आणि सकाळी बंदरावर उतरवून टॅगप्रमाणे रांगेत मांडून ठेवतात. आपण हात हलवत उतरायचं, आपल्या रंगाच्या रांगेत जायचं आणि बॅग ओळखून घ्यायची. दुसरा पर्याय : बॅगा स्वतःजवळच ठेवायच्या आणि सकाळी आपल्याच हातांनी त्या जहाजाबाहेर न्यायच्या. अशा प्रवाशांना बहुतेक जहाजांवर सगळ्यांत आधी उतरायला मिळतं.

लवकर सुटका आणि बॅग हरवायची भीती नाही! आपल्याकडच्या बहुतेक पुरुष मंडळींचा कौल लगेच दुसऱ्या पर्यायाला पडतो. ‘दोनच तर बॅगा आहेत, मी घेतो की!’ हे वाक्य न म्हणणारा कुटुंबप्रमुख विरळाच. पण इथेच सुमैतांगीचा दगड आठवायला हवा. ओझं घेऊन चालणं त्या मानाने सोपं असतं. कस लागतो तो ते उचलताना आणि उतरवताना.

चाकांची बॅग सपाट फरशीवर पोर ढकलेल. पण त्या सकाळी जहाजाच्या लिफ्टसमोर शेकडो माणसं बॅगांसकट उभी असतात. लिफ्ट भरून येते, भरूनच जाते. मग कुणीतरी म्हणतं, ‘चला, जिन्यानेच जाऊ.’ पुढे जहाजातून बंदरावर जाणारा उतार. भरती-ओहोटीप्रमाणे तो कमी-जास्त तिरका होतो. उतारावर जड बॅग आपल्याला ओढते, आपण तिला नाही. आणि शेवटी टॅक्सीची डिकी आहेच. गुडघा, कंबर किंवा खांदा धरला जातो तो अशाच ठिकाणी.

नागपट्टणमची शिडी

हा चढ-उताराचा प्रश्न तंजावरच्या लोकांना नवा नाही. तंजावरहून सुमारे 80 किलोमीटरवर नागपट्टणम बंदर. 1991 पर्यंत ते तंजावर जिल्ह्यातच होतं. 1861 साली नागपट्टणम ते तंजावर रेल्वे सुरू झाली आणि समुद्रावरचं सामान थेट तंजावरच्या फलाटावर येऊ लागलं.

मद्रास, नागपट्टणम, पेनांग, सिंगापूर ही बोटींची वाट कावेरीच्या खोऱ्यातल्या हजारो कुटुंबांना तोंडपाठ होती. 1926 साली बांधलेली ‘राजुला’ ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट या मार्गावर कित्येक दशकं धावली. वरच्या वर्गाच्या केबिनी मोजक्या, बाकी सगळे डेकचे प्रवासी. पोटासाठी मलायात गेलेले मजूर, दुकानदार आणि कारकून आपली वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि डबा घेऊन डेकवरच पथारी पसरत. त्यांना टॅग कुठला आणि रात्री बॅग उचलून नेणारा माणूस कुठला!

त्यातून नागपट्टणमला मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती भर समुद्रात नांगर टाकायची आणि माणसं-सामान लहान होड्यांतून किनाऱ्यावर यायचं. कोकणातल्या वाचकांना हे चित्र अनोळखी नाही. मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी-विजयदुर्गाकडे बंदराबाहेर उभी राहायची आणि पडावातून किनारा गाठावा लागायचा. वरखाली होणाऱ्या होडीत पाय टाकताना एका हातात मूल, दुसऱ्या हातात ट्रंक असा खेळ चालत नाही. आधी माणूस, मग सामान, हा तिथला धडा. म्हणूनच डेकचे प्रवासी एकेकटे उतरत नसत. गावचे, ओळखीचे चारजण मिळून साखळी करत.

‘राजुला’नंतर 1970 च्या दशकात याच मार्गावर ‘चिदंबरम’ हे जहाज आलं. फेब्रुवारी 1985 मध्ये त्याला प्रवासात आग लागली, अनेक प्रवाशांचा मृत्यू झाला आणि ते जहाज पुन्हा प्रवासी घेऊन निघालंच नाही. एक फार जुनी वाट त्यासरशी बंद पडली. जहाजावर धोक्याचा भोंगा झाला तर सामानाला हातही लावू नये, फक्त लाइफ जॅकेट आणि माणसं, हा नियम प्रत्येक जहाजावर पहिल्याच दिवशीच्या कवायतीत सांगतात. ‘आपलं सामान आपल्या हाती’ ही सवय कितीही चांगली असली, तरी त्या एका क्षणी ती मोडायची असते. पन्नास हजारांची बॅग वाचवायला मागे वळलेला माणूस आपल्यासकट मागच्या दहाजणांची वाट अडवतो.

पाण्यावरची वाट मात्र कायमची मिटली नाही. 14 ऑक्टोबर 2023 रोजी नागपट्टणमहून श्रीलंकेतल्या कांकेसंतुरैपर्यंत प्रवासी बोट सुरू झाली. ती सेवा थोड्याच दिवसांत थांबली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली.

राजाने उतरवलेलं ओझं

ओझ्याच्या प्रश्नाला तंजावरने आणखी एक उत्तर दिलं, आणि ते आपल्या मराठी राजाने दिलं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. त्याच घराण्यातले सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832). सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्यामुळे जगाला माहीत झालं, तेच हे राजे. ते स्वतः काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर सुमारे तीन हजारांचा लवाजमा होता. राजाला बॅग कुठे उचलायची होती!

पण ज्याच्यापाशी लवाजमा नाही, त्याचं काय? रामेश्वराला जाणारे यात्रेकरू पार उत्तरेकडून पायी येत आणि तंजावरच्या मुलखातून पुढे जात. त्यांच्यासाठी तंजावरच्या राजांनी वाटेवर छत्रं, म्हणजे धर्मशाळा बांधल्या. ओरत्तनाडूचं मुक्ताम्बाळ छत्र हे त्यांतलं नावाजलेलं. कंपनी सरकारचा डोळा या छत्रांवर पडेल अशी धास्ती वाटली तेव्हा, 1801 मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र लिहून छत्रांचा कारभार समजावून सांगितला. कुठल्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी उपाशी राहिलंय का, असा पुकारा होई. आजाऱ्याला वैद्य आणि औषध, तान्ह्यांना दूध, वाटेत बाळंत झालेल्या बाईची काळजी, अशी सगळी सोय असे.

सुमैतांगी सांगते, तुझं ओझं तूच वाहा, पण जरा टेक. छत्र सांगतं, आजच्या रात्री तुझं ओझं आमच्यावर सोपव. दोन्ही गोष्टींत कमीपणा नाही. वाटसरूला त्या दिवशी काय पेलवतं, यावर निवड ठरे.

मदत घेणं म्हणजे हार नव्हे

आपल्याकडे मात्र याचा उगाच मान-अपमान होतो. ‘अजून एवढा म्हातारा नाही झालो’ म्हणत सासरे बॅगेला हात घालतात, आणि सूनबाई घेऊ लागली तर तिला रागावतात. बायपास झालेले काका, गुडघे बदललेली आई, सहावा महिना लागलेली लेक अशी माणसं बरोबर असताना अर्धा तास आधी उतरण्याची घाई कशासाठी?

दुसरीही एक बाजू आहे. तमिळमध्ये ‘कूली’ म्हणजे मजुरी, मोबदला. दंडावर पितळी बिल्ला बांधलेल्या स्टेशनवरच्या हमालाला 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी ‘सहायक’ म्हणायचं ठरवलं. चाकांच्या बॅगा आल्या आणि या माणसांचं काम कमी झालं. गरज असेल तेव्हा त्याला हाक मारणं आणि ठरलेली मजुरी घासाघीस न करता देणं यात आपली कंबर वाचते आणि त्याची चूल पेटते.

उतरण्यापूर्वी एवढं पाहा

स्वतः सामान न्यायचं ठरवलंत, तर घरीच एक परीक्षा घ्या. भरलेली बॅग उचलून दोन मजले चढा आणि उतरा. धाप लागली तर बॅग हलकी करा किंवा बेत बदला.

एक जड बॅग नेण्यापेक्षा दोन हातांत दोन हलक्या बॅगा बऱ्या. तोल राहतो, कंबर एका बाजूला झुकत नाही.

उचलताना कमरेत वाकू नका. गुडघे वाकवा, बॅग अंगाजवळ घ्या आणि मग उठा.

हा पर्याय घेतलात तर सगळं सामान एकाच खेपेत न्यायचं असतं. परत वर येऊन दुसरी खेप करता येईल अशा भरवशावर राहू नका.

रात्री बॅगा बाहेर ठेवणार असाल तर औषधं, पासपोर्ट, पैसे, दागिने, चष्मा आणि सकाळी घालायचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवा. सगळे कपडे बॅगेत गेले आणि सकाळी रात्रीच्याच पायजम्यात उतरावं लागलं, ही फजिती क्रूझवर नवी नाही.

बॅगेला ओळखीची खूण करा. रंगीत रिबन किंवा जुन्या साडीचा काठ बांधला तरी पुरतं. काळ्या बॅगांच्या रांगेत सगळ्याच आपल्या वाटतात.

विमान किंवा रेल्वे अगदी सकाळची धरू नका. बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय पहिला प्रवासीही उतरू शकत नाही, मग बॅग कुणाच्याही हातात असो.

आणि ही निवड शेवटच्या रात्री घाईघाईत करू नका. निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. कुणाला किती उचलवतं, हे ज्याचं त्यालाच सांगू द्या. आजीने ‘माझी पिशवी मीच घेईन’ म्हटलं तर तिला घेऊ द्यावी. फक्त तिच्या वाटेत टेकायला एखादी जागा आहे ना, तेवढं आपण बघावं.