आमरीच्या कांडीतली साखर

अच्छाडपाशी महाराष्ट्राची हद्द संपते आणि गुजरात सुरू होतो. महामार्ग सोडून तलासरीच्या पाड्यांकडे वळलात, तर आंब्याच्या किंवा ऐनाच्या खोडावर एखादी आमरी बसलेली दिसेल. आमरी म्हणजे ऑर्किड. पुष्कळजण तिला बांडगूळ समजतात. पण बांडगूळ झाडाचा रस शोषते, आमरी फक्त बसायला जागा मागते. पाणी पावसाचे आणि दवाचे, अन्न तिचे ती तयार करते. पावसाळ्यातली ही कमाई जाड कांड्यांत साठवून ती उन्हाळा काढते.

या साठ्यातच औषधी आमरीचे मोल आहे. साखरेचे असंख्य रेणू माळेसारखे गुंफले की बहुशर्करा बनते. कांडी चावली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो तिचाच. हकीम-वैद्यांची सालममिश्री म्हणजे जमिनीत वाढणाऱ्या आमरींचे कंद. त्यांची पूड पाण्यात फुगते, तीही अशाच बहुशर्करेमुळे.

मी कवितेचा माणूस, रसायनाचा नव्हे. तरी मला एक प्रश्न पडला : रानातली आमरी गुणाला सरस, की लावलेली?

चीनमध्ये ‘डेंड्रोबियम ऑफिसिनाले’ ही आमरी औषधासाठी मोठ्या प्रमाणावर लावतात. कुठे हरितगृहात, कुठे रानातल्या जिवंत झाडांच्या खोडांवर बांधून. हरितगृहात पाणी आणि खत वेळेवर मिळते, कांडी भराभर वाढते. झाडावर ती पावसावर जगते, सावकाश वाढते. तरीही साखरेच्या मोजणीत झाडावरचीच दर वेळी जिंकते असे नाही. वाण कोणता, कांडीचे वय किती आणि तोडणी कोणत्या महिन्यात झाली, यावर बरेच ठरते. फुलोरा आला की साठा खर्च होतो. म्हणून चिनी औषधकोशाने तोडणीचा काळ नोव्हेंबर ते मार्च असा दिला आहे आणि वाळलेल्या कांडीत किमान २५ टक्के बहुशर्करा हवी, अशी अट घातली आहे. हा आकडा त्या जातीचा. आपल्या आमरीला तो चिकटवू नये.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच : ‘रानातले तेच अस्सल’ या समजुतीपायी झाडे ओरबाडू नयेत. आमरीचे बी धुळीसारखे बारीक, त्यात शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते. एक कंद खणला तर एक झाड जाते. पण लावलेल्या आमरीच्या पिकल्या कांड्या बेताने कापल्या, तर बुडाशी नवे कोंब येतात. प्रयोगशाळेत रोपे तयार करता येतात. ती रोपे वारली शेतकऱ्याच्या बांधावरच्या आंब्यालाही बांधता येतील. झाड तोडायचे नाही, जमीन अडवायची नाही. उभे झाडच शेत होईल, आणि ते उभे ठेवायला घरच्यांना एक कारण मिळेल.