वर उघडणारं जड दार कोण धरून ठेवतं? तरफ, न्यूटन आणि गॅस पंप



'साधी यंत्रे' शिकवताना आपण कात्री, अडकित्ता आणि चिमटा ही तीनच उदाहरणं देतो. मुलं ती पाठ करतात आणि पेपरात लिहितात. आज चौथं उदाहरण बघू या. ते माझ्याच स्वयंपाकघरात माझ्या मुलीच्या डोक्यावर पडता पडता राहिलं.

गडबला आमच्या घरी ओट्याच्या वर लांब कपाट करून घेतलं. दार एकच आणि वर उघडणारं. रुंदी ११० सेमी, उंची ६० सेमी, १८ मिमी प्लायवूड. मिस्त्री म्हणाले, "सर, दोन बाजूंना दोन पंप टाकू. शंभरचे चालतील."
मी विचारलं, "शंभर म्हणजे काय?"
"सगळीकडे शंभरचेच टाकतो सर."

नुसतं प्लायवूडचं दार लावून बघितलं, तर मस्त वर थांबलं. मग दोन्ही बाजूंना सनमायका चिकटवला, पितळी हँडल बसवलं. दुसऱ्याच दिवशी मुलगी डबा काढायला गेली आणि दार हळूहळू खाली यायला लागलं. शेवटी धाडकन आलं. ती वाकली म्हणून वाचली.

पंप नवे होते, दारही नवं होतं. मग चुकलं काय? हिशोबच केला नव्हता.

आधी टेकू, मग पंप

वर उघडणारी झाकणं आपल्याकडे नवीन नाहीत. हायवेवरच्या टपरीची पुढची फळी सकाळी वर उचलतात आणि खाली बांबू किंवा लोखंडी गज लावतात. गज भक्कम असतो, पण तो स्वतः काहीच उचलत नाही. उचलायचं माणसाने. आणि गजाला धक्का लागला की फळी खाली.

गॅस पंप उचलायलाही मदत करतो. दुकानात त्याला 'हायड्रॉलिक' म्हणतात, पण ढकलण्याचं काम आतला दाबून भरलेला नायट्रोजन वायू करतो. थोडं तेल असतं, ते सील ओलं ठेवायला आणि शेवटचा धक्का मऊ करायला. गाडीच्या डिकीला असतो तोच हा प्रकार. नळीवर १००एन, १२०एन, १५०एन असं छापलेलं असतं. हा 'एन' म्हणजे आपला न्यूटन! म्हणजे शंभर हे किलो नव्हेत. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलो वजनाइतका जोर.

इथेच सगळे फसतात

दार १० किलोचं, दोन पंप मिळून २०० न्यूटन, म्हणजे २० किलोचा जोर. मग दार पडलं कसं? कारण ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. बिजागरी हा टेकू. दाराचा भार त्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ३० सेमीवर. आणि पंपाचं बल या दोघांच्या मध्ये, टेकूच्या जवळ. चिमट्यासारखंच. अशा तरफेत बल भारापेक्षा जास्तच लागतं.

पाठ्यपुस्तकातलं सूत्र तेच:

बल × बलभुजा = भार × भारभुजा

दार आडवं (जमिनीला समांतर) असताना सगळ्यात जास्त जोर लागतो, म्हणून हिशोब त्या स्थितीचा करायचा. बलभुजा मोजताना मात्र एक काळजी घ्या. पंप तिरका असतो, म्हणून दारावरच्या स्क्रूपर्यंतचं अंतर धरायचं नाही. पंपाच्या रेषेत दोरी ताणा आणि बिजागरीपासून त्या दोरीवर लंब टाका. कंपासपेटीतला गुण्या इथे कामाला येतो. आमच्याकडे हे अंतर १२ सेमी निघालं.

आता बघा (१ किलो = १० न्यूटन धरून):

- नुसतं प्लायवूड, पावणेआठ किलो: ७७.५ × ०.३० = २३.२५
- सनमायका आणि हँडलसह, १० किलो: १०० × ०.३० = ३०
- १०० न्यूटनचे दोन पंप: २०० × ०.१२ = २४

२४ हे २३.२५ पेक्षा जास्त, म्हणून पहिल्या दिवशी दार थांबलं. ३० पेक्षा कमी, म्हणून दुसऱ्या दिवशी पडलं. मिस्त्रींनी मापं चोख घेतली होती, फक्त वजन बदलल्यावर हिशोब बदलला नाही.

मग किती हवेत? ३० ÷ ०.१२ = २५० न्यूटन, म्हणजे प्रत्येकी १२५. १२० चे घेतले तर थोडे कमी पडतात. आम्ही १५० चे घेतले: ३०० × ०.१२ = ३६. थोडी शिल्लक राहिली, ती हवीच.

मग सरळ मोठाच पंप का नको?

कारण जास्त जोराचा पंप दार नीट बंद होऊ देत नाही, खाली ओढताना हिसका बसतो, आणि रोजच्या ताणाने प्लायवूडमधले स्क्रू सैल होतात. दार हलकं असेल तर वाकतंसुद्धा.

खरेदीला जाण्याआधी

१. दाराचं वजन करा. घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग दार हातात घेऊन. वजाबाकी करा. सनमायका, काच, हँडल सगळं लावून झाल्यावरच.
२. पंप जोडीनेच घ्या, दोन्ही एकाच आकड्याचे. एकच लावला तर दार पिळवटतं.
३. दार बंद असताना दांडी खाली आणि नळी वर राहील असा बसवा. तेल सीलवर राहतं, पंप जास्त टिकतो.
४. बिजागरी स्प्रिंग नसलेली घ्या. स्प्रिंग दार बंद करायला ओढते आणि पंपाशी भांडते.
५. आपल्या वडखळ, डोलवी, गडब पट्ट्यात धरमतर खाडीची खारी हवा आहे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. दांडीवर गंज किंवा ओरखडा आला की सील फाटतं आणि वायू गळतो. रंगकाम करताना दांडी झाकून ठेवा.
६. दार फार मोठं असेल, तर जोर कमीजास्त करता येणारी स्प्रिंगची लिफ्ट-अप यंत्रणा मिळते. महाग असते, पण दार मध्ये कुठेही थांबतं.

पंप म्हातारा झाला की दार आधी हळूहळू खाली येऊ लागतं. ही सूचना समजायची आणि जोडी बदलायची. जुना पंप फोडू नका, जाळू नका. आत दाब असतो.

वर्गातली कृती

लाकडी मीटरपट्टीचं एक टोक बाकाच्या कडेखाली अडकवा. पट्टी आडवी धरून तानकाटा आधी ५० सेमीवर लावा, मग २५ सेमीवर. दोन्ही वेळा सरळ वर ओढा. दुसऱ्या वेळी वाचन जवळजवळ दुप्पट येईल. मग विचारा, "कपाटाचा पंप कुठे असतो?" उत्तर मुलंच देतील.

पालकांनो, आज घरी एक करा. वर उघडणारं दार असेल तर ते पूर्ण उघडा, हात खाली तयार ठेवा आणि दोन मिनिटं बघा. जरा जरी खाली आलं, तर पंप बदलेपर्यंत मुलांना तिथे हात घालू देऊ नका.

आमच्याकडे नवे पंप बसवायच्या आधी मुलीने स्वतः वहीत हिशोब केला. मिस्त्रींनी तो बघितला आणि म्हणाले, "सर, हे कागदावर लिहून द्या. पुढच्या घरी कामाला येईल."

तिने तो कागद त्यांना दिला.